द्वारकाआत्याचं गुजराती मरण

अगं थांबा, उठू नका कुणी, क्लास सुरू व्हायला अजून वीस मिनिटं आहेत. आणि हे मी आत्ता सांगितलं नाही ना, तर मशीनवर बसल्यावर माझ्या बोटांतून हेच टाइप होईल.

आमच्या घरमालकीण द्वारकाआत्या गेल्या गुरुवारी वारल्या. मंदे, असं तोंड करू नकोस, ठणठणीत आहेत. आज सकाळीच नळावरून माझ्याशी भांडल्यात. पण वारल्या हेही खरं. अडीच पानांत वारल्या, आणि त्याही गुजरातीत.

थांबा, नीट सांगते. खारीगावात आम्ही राहतो ती पाच खोल्यांची चाळ द्वारकाआत्यांची. पुढच्या कौलारू घरात त्या आणि त्यांचा भाचा. भाच्याचे आईबाप तो लहान असताना गेले, आत्यांनीच वाढवला. तो भाचा म्हणजे बाळारामदादा. चाळिशीला आलाय माणूस, लग्न नाही, एका गुजराती शेठच्या मिठागराच्या हापिसात कारकून. जन्माने अस्सल आगरी. घरी बोलतात ते सगळं 'हाय', 'न्हाय', 'मना', 'तुना'. आणि हाच माणूस गुजरातीत कादंबऱ्या लिहितो. गुजरातीत! सत्तर साली त्यांना अहमदाबादला बक्षीस मिळालं, शाल मिळाली. तिथल्या लोकांना वाटलं होतं, कुणीतरी सुरतेकडचा म्हातारा असणार. स्टेजवर हे गेले तर आयोजक विचारतात, लेखक मागून येतायत का?

मी त्यांना एकदा विचारलं होतं, की दादा, तुम्ही मराठीत का नाही लिहीत? तर म्हणाले, "सुगंधा, शाळेत मी आमच्या बोलीत निबंध लिहिला तर मास्तरांनी अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला आणि सगळे हसले. मग हापिसातल्या मुनीमजींनी पत्रं लिहायला गुजराती शिकवलं. तिथं मी चुकलो तर म्हणायचे, वा, परका असून किती छान लिहितो! मग काय, मी राहिलो परकाच. सोयीचं पडतं."

तर सध्या त्यांची 'सफेद ढगली' नावाची कादंबरी मुंबईच्या एका गुजराती साप्ताहिकात येतेय. ढगली म्हणजे छोटा ढीग, मिठाचा. दर गुरुवारी अंक. आणि दर गुरुवारी दुपारी मी तो द्वारकाआत्यांना वाचून दाखवायचे. मी लहानपणी स्टेशनच्या पश्चिमेला गुजराती चाळीत वाढले ना, मला वाचता येतं. एक ओळ गुजरातीत वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. आत्या पाय पसरून बसायच्या, तोंडात मिश्री, आणि मध्ये मध्ये सूचना.

त्या कादंबरीत एक म्हातारी आहे, मोंघीबा. सगळ्यांना झापणारी. एका भागात ती मिठागर बघायला आलेल्या साहेबाला बूट काढायला लावते, म्हणते, पांढऱ्या मिठात तुझी चिखलाची पावलं कशाला? अख्ख्या खारीगावाला माहीत आहे, हे द्वारकाआत्यांनी खरोखर केलं होतं. साहेबाने बूट हातात घेतले होते! मी वाचताना घाबरत घाबरत आत्यांकडे बघत होते. तर आत्या म्हणतात, "कोन ही बाय? हिला घरान कोन आवरनारा न्हाय?"

मी म्हटलं, "काल्पनिक आहे, आत्या."

"काल्पनिक असल नायतर कोन पन असल. तोंड भारी फाटका हाय तिचा."

मी आणि बाळारामदादा एकमेकांकडे बघायचो आणि हसू दाबायचो. त्यांना ओळखूच येत नाही म्हणून.

आणि मग तो कावळा आला. अंगणात चटईवर जवळा वाळत घातला होता, आत्या राखायला बसल्या होत्या, आणि एक कावळा खाली आला तो थेट त्यांच्या डोक्याला शिवून गेला. मंदे, दात काढू नकोस, डोक्याला म्हटलं मी. आता तुम्हाला माहीत आहे, डोक्याला कावळा शिवला की काय करतात. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नातेवाइकांना पाठवायची. ते रडले की मरण टळलं, मग दुसरं पत्र टाकायचं की सगळं खुशाल आहे. तर मीच पोस्टकार्ड लिहिलं, मरणाचं म्हणून कोपरा फाडला, आणि तारोडीला आत्यांच्या धाकट्या बहिणीला, सावित्रीमावशींना पाठवलं. 'द्वारका काल सकाळी वारली.' मी लिहितेय आणि आत्या वरून सांगतायत, "'अचानक' लिव. 'काय बी दुखना नवता' लिव."

सगळं ठीक झालं असतं. पण द्वारकाआत्यांना काही पोटात ठेवता येतं का? कावळा शिवल्यापासून अर्ध्या तासात त्यांनी ते चाळीला, रेशनच्या लायनीला आणि मासळी विकायला आलेल्या बाईला सांगितलं होतं. ती बाई तारोडीची. म्हणजे पोस्टकार्ड पोचायच्या आधीच कावळा पोचला.

रविवारी सावित्रीमावशी आल्या, हातात बोंबलांचं बोचकं, आणि दारातूनच हसत हसत, "क गो ताय, कदी गेलीस?"

आत्यांचा चेहरा असा उतरला ना. "तू रडलीस?"

"रडू कनाला? मना ठावच व्हता."

"एक टीप पन न्हाय?"

"हसू आयला गो. काय करू!"

झालं. मावशी बोंबील ठेवून गेल्या आणि आत्यांनी अंथरूण धरलं. आम्हाला आधी मजाच वाटली. पण त्यांनी खरंच जेवण सोडलं. सकाळी वाटीभर पेज, बस. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, म्हणाले, काही नाही, छाती साफ आहे. आत्या म्हणाल्या, "माज्या सासूला पन असाच शिवला व्हता. कोन रडला न्हाय. सव्वा महिन्यान गेली." आणि दिवस मोजायला लागल्या. आईला बोलावून त्यांनी त्यांचं पितळेचं तपेलं दिलं, कल्हईवालं. आई घरी येऊन रडली. मी म्हटलं, आई, हे तिथेच रडली असतीस तर! आई म्हणाली, "तिने मला सांगितलंय की मला ठाऊक आहे म्हणून माझं रडणं चालणार नाही."

तोच तर नियम होता त्यांचा. ज्याला ठाऊक आहे त्याचं रडणं म्हणजे नाटक. आणि खारीगावात, नवघरात, पार वरसाव्यापर्यंत, ठाऊक नसलेलं माणूस शिल्लक कोण?

कावळा शिवल्यापासून बाराव्या दिवशी संध्याकाळी बाळारामदादा हापिसातून आले, मी पेज भरवत होते. आत्यांनी चमचा बाजूला केला आणि म्हणाल्या, "बालारामा, तुज्या पुस्तकान मना मार."

दादा म्हणाले, "काय?"

"त्या मोंघीला मार. तुजं पुस्तक वाचनाऱ्यांना कावला ठाव न्हाय. ते खरं रडतीन."

दादा माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. ते हळूच म्हणाले, "पण आते, मोंघीबा म्हंजे तू कुठं..."

"गप रं. मना पयल्या गुरवारपासून ठाव हाय. तुमी दोगं डोल्यांनी खुणा करता, ते पन बगतंय मी. वरसभर मजा घेतली तुमची."

अगं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! वर्षभर आम्ही समजत होतो आम्ही त्यांना बनवतोय.

तर आता बाळारामदादांना मोंघीबाला मारायचं होतं. साधं काम आहे की नाही? ह्या माणसाने पहिल्या कादंबरीत भरतीचं पाणी आणून एका परिच्छेदात अकरा माणसं बुडवली होती. पण पहिल्या गुरुवारी काय, तर मोंघीबाला ताप आला. आम्ही आशेने बसलो. मी आत्यांना वाचून दाखवलं, आत्या डोळे मिटून, "असा... चढू दे, चढू दे ताप." पुढच्या गुरुवारी मी अंक उघडला, आणि मोंघीबा अंथरुणातून उठून पापड लाटतेय!

"उटली?" आत्यांनी विचारलं.

"उठली."

"मेलीचा जीव चिवट हाय," असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. हसायचं की रडायचं कळेना, कारण त्यांची मनगटं बघितली ना, बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. आणि सव्वा महिन्यातले सव्वीस दिवस गेले होते.

मी चिडले. तशीच तरातरा त्यांच्या हापिसात गेले. दादा मिठाच्या ढिगांकडे तोंड करून पायरीवर बसले होते, मांडीवर कागद, कागदावर एक ओळ, तीही खोडलेली. मी म्हटलं, "दादा, तिथे आत्या वाळून चालल्यात आणि तुम्ही पापड लाटताय?"

त्यांनी संपादकांचं पत्र काढून दाखवलं. 'मोंघीबाने जीवतां राखजो.' मोंघीबाला जिवंत ठेवा, वाचक रागावतील.

"संपादकांना आत्या वाचवायच्या आहेत की तुम्हाला?"

"संपादकांचं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले. "मला जमत नाहीये. तुला हसू येईल, पण ऐक. मराठीत माझी आई गेली. मराठीत माझा बाप गेला. ते सगळे शब्द मला पाठ आहेत, कुठून कसे आले ते. गुजरातीत माझं कुणी मेलेलं नाही, सुगंधा. म्हणून तर मी तिथं जाऊन बसतो. आता ही बाई मला तिथं पण..." आणि थांबले.

मला नाही हो हसू आलं. पण मी धिटाईने म्हटलं, "मग आत्या मराठीत जाणार. चालेल?"

त्यांनी खोडलेल्या ओळीचा कागद उलटा केला आणि लिहायला लागले. शनिवारी पाकीट घेऊन स्वतः मुंबईला गेले, पोस्टात टाकलं असतं तर हात मागे आला असता म्हणून. सोमवारपासून हापिसात गेले नाहीत. आत्या पेजही घेईनाशा झाल्या होत्या, हे उशाशी बसून.

आता तो गुरुवार. सकाळी दहाचा सुमार. मी अंक घेऊन आत्यांच्या खोलीत शिरले, अजून पान उघडायचं होतं, तेवढ्यात बाहेर टांगे थांबले. एक नाही, दोन. मी पडद्याच्या फटीतून बघते तर शेठाणी चंपाबेन! पांढरी साडी, डोक्यावरून पदर, आणि मागे पाच बायका, सगळ्या पांढऱ्यात. अगं, त्यांनी सकाळीच अंक वाचला होता. मोंघीबा म्हणजे बाळारामची आत्या हे शेठच्या घरी सगळ्यांना माहीतच. आणि बाळाराम चार दिवस हापिसात नाही, निरोप नाही. चंपाबेनने दोनात दोन मिळवले आणि भेटायलाच आल्या, मयताला भेटतात तसं!

दादा ओट्यावर. चंपाबेन आल्या आल्याच म्हणाल्या, "बाळाराम, अमने खबर पण न आपी?" आम्हाला कळवलं पण नाहीस? आणि जो हुंदका दिला त्यांनी! मागच्या बायका पण सुरू.

दादांनी तोंड उघडलं, सांगायला की अहो तसं काही नाही. तेवढ्यात आत माझं मनगट कुणीतरी गच्च धरलं. आत्या. चार दिवस मान उचलत नव्हत्या त्या कोपरावर उठल्या होत्या.

"कोन रडतंय?"

"शेठाणी."

"माज्यासाटी?"

"हो."

"त्यांना कावला ठाव हाय?"

"नाही."

"मंग त्याला सांग, तोंड बंद ठेव. रडू दे बायांना."

मी पडद्याआडून हात हलवून दादांना खूण केली. त्यांनी तोंड मिटलं. बाहेर चंपाबेन सांगतायत, गुजरातीत, की एकदा शेठ मिठागरावर आले तेव्हा द्वारकाबेनने त्यांनाही बूट काढायला लावले होते, आणि घरी येऊन शेठ म्हणाले होते, माझ्या आईनंतर मला असं कुणी बोललं नाही. मग म्हणाल्या, "हवे अमने कोण वढशे?"

आत्यांनी मला कोपर मारलं. "काय बोलतंय?"

मी कुजबुजले, "म्हणतायत, आता आम्हाला ओरडणार कोण?"

आत्यांना एवढं बरं वाटलं! "किती जनी रडतान? मोज."

"सहा. नाही, पाच. एकीला नुसती सर्दी आहे."

आत्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांचा चेहरा परत पडला. "पन पोरी, ह्या काय माज्या सोयऱ्या न्हाईत. सोयऱ्यानी रडाला पायजे. परक्याचा रडना चालल का?"

आता हे नवीनच! मी म्हणणार होते, आत्या, हे आधी नाही का सांगायचं. पण तेवढ्यात बाहेरून आवाज आला, आणि तो बायकांचा नव्हता.

बाळारामदादा. खांबाला टेकून बसले होते, चंपाबेन त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, आणि ते रडत होते. साधं नाही ग, खांदे गदगदा हलतायत, "मारी बा, मारी बा," माझी आई, माझी आई, एवढंच. त्यांना ठाऊक होतं ना पडद्यामागे कोण आहे! दहा हातांवर आत्या बसल्यात, जिवंत, मला कोपर मारतायत, आणि हा माणूस असा रडतोय.

आत्या फटीला डोळा लावून बघत होत्या. "त्याला ठाव हाय ना, मी जिती हाय?"

"आहे की."

"तरी रडतो?"

"तरी रडतायत."

त्या फटीपासून मागे झाल्या. मला वाटलं आता म्हणणार, ठाऊक असून रडला, म्हणजे नाटक. त्यांनी नाक पुसलं, पदर खोचला, माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या, आणि पडदा बाजूला सारून बाहेर.

"बालारामा, पुरं झाला. घरान पावन्या आल्यान, चाय कोन ठेवल?"

अगं ज्या किंचाळल्या बायका! सर्दीवाली तर थेट टांग्याकडे पळाली. चंपाबेन उभ्याच्या उभ्या, एक हात छातीवर, एकदा आत्यांकडे बघतायत, एकदा दादांकडे. मग मी पुढे होऊन सगळं सांगितलं, कावळा, पोस्टकार्ड, सावित्रीमावशी, मोंघीबा. गुजरातीत, मराठीत, जे तोंडात येईल त्यात. चंपाबेन ऐकता ऐकता आधी रागावल्या, मग हसायला लागल्या, कारण हे त्यांच्यातही करतात म्हणे, कावळ्याचं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "पण मी आता घरी जाऊन न्हायचं की नाही?" खरंच की. मयताला जाऊन आलं की न्हावं लागतं, आणि इथे मयतच समोर उभं.

मग त्या दादांकडे वळल्या. "अने मोंघीबा? तिला तरी परत आणशील ना, पुढच्या अंकात?"

"नाही," दादा म्हणाले. "ती गेली."

आणि चंपाबेनच्या डोळ्यांत परत पाणी! समोर द्वारकाआत्या उभ्या असताना! आत्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "न्हाऊन घ्या शेठानी. मोंघी गेली ना, तिच्या नावान न्हा."

चहा मात्र कुणी घेतला नाही. अंगणात जवळा वाळत होता, त्या वासाने बिचाऱ्या पदर नाकाला लावूनच बसल्या होत्या. आम्हाला वाटत होतं दुःखाने.

टांगे गेले. मी घरी जाऊन आईकडून भात आणि बोंबलाची आमटी आणली. आत्यांनी दोनदा घेतला भात. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "तुजी आये मीठ कमी टाकते." मला एवढा आनंद झाला ना! आईला जाऊन सांगितलं तर ती पण खूश. पहिल्यांदाच कुणी नाव ठेवल्यावर आई खूश झाली असेल.

मग हात पुसून मी अंक उघडला, वाचायला. आत्या म्हणाल्या, "तू नको. त्यानी मारला ना? त्यालाच सांगू दे."

दादांनी अंक घेतला, आणि नुसताच हातात धरून बसले. आजवर त्यांनी स्वतःचं एक अक्षर आत्यांना वाचून दाखवलं नव्हतं. मग अंक बाजूला ठेवला आणि सांगायला लागले, आगरीत. ह्या माणसाला अहमदाबादला शाल मिळालीय, आणि अशी अडखळत होती गाडी! "मंग ती... मोंघी बोलली... मंग तिनी पोराचा हात धरला, नि बोलली, का बाबा, मी तुला लय तरास दिला..."

"ती असा बोलली?" आत्यांनी थांबवलं. "मरताना?"

"हा."

"म्हंजे मी मरताना असा बोलीन? 'तरास दिला'? कनाला बोलीन असा? तरास तू दिलास."

"मंग काय बोलली असतीस?"

आत्यांनी खरंच विचार केला, बोट हनुवटीला लावून. "मी बोलली असती, चुलीवर कालवन हाय, बुडाला लागल बगा."

दादा हसले. डोळे अजून लाल, आणि हसतायत. "मंग पुढं सांगू का नको?"

"सांग. पन नीट सांग. ताप आल्यापासून सांग परत, ते मदले पापड गालून टाक."

मी उठले. माझं तिथे काही काम नव्हतं, भाषांतराला काही उरलंच नव्हतं. बाहेर येऊन चपला घालते तोवर आतून परत आत्यांचा आवाज, "असा न्हाय रं मरत मानूस, एवडा पटकन. परत सांग."

अगं, घंटा झाली वाटतं. चला.